तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

तडजोड ही कला आहे, आणि राज्याच्या कामगार भरपाई निधीत बावीस वर्षं मी ती जोपासतो आहे. माणसाच्या मनातलं मला फोनवरूनसुद्धा कळतं!

म्हणून इंगवाल्ड ट्वेटला मी फोनच केला. बीटापासून साखर काढणाऱ्या कारखान्यात बीटाचा ढीग लावणाऱ्या यंत्रात त्याचा उजवा खांदा कायमचा गेलेला. निधी एकरकमी भरपाई द्यायला तयार होता. फक्त शुक्रवारी पाचच्या आत सही हवी, नाहीतर प्रकरण न्यायाधीशांपुढे आणि वर्षदीड वर्षाची निश्चिंती! आज शुक्रवार.

"इंगवाल्ड, रक्कम मान्य ना?"

"छे छे, एवढं कशाला! खांदाच तर आहे."

"अहो, हक्काचे पैसे आहेत. घेताय ना?"

"नको रे ऑर्विल, उगाच तुम्हाला त्रास."

मी 'नामंजूर' अशी नोंद केली आणि समाधानानं जेवलो.

चार वाजता शेजारच्या टेबलावरच्या बोर्गहिल्डनं केक पुढे केला. "नको," मी म्हणालो. "घे रे." "नको गं, खरंच." "घे म्हणते ना!" मी घेतला, आणि पहिलाच घास घशात अडकला!

अमेरिकेतल्या आमच्या या रेड नदीच्या खोऱ्यात नॉर्वेकडची माणसं दोनदा नाही म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा घेत नाहीत. पहिला नकार लाजेचा, दुसरा सभ्यतेचा. होकार असतो तो तिसऱ्यांदा विचारल्यावर. मी त्यांच्यातलाच! आणि बिचाऱ्याला दोनदाच विचारून मोकळा झालो होतो.

चाळीस मैल गाडी अशी हाकली, की वाटेतले बीटाचे ट्रक मला उभे असल्यासारखे दिसले.

दार इंगवाल्डच्या बायकोनं, एलोडियानं उघडलं. ती टेक्ससची. "कॉफी?"

"नको," मी सवयीनं म्हणालो.

"बरं," म्हणून तिनं किटली उचलून आत नेली. टेक्ससमध्ये एकदाच विचारतात.

चार पन्नास! मी कागद पुढे धरला. "इंगवाल्ड, तिसऱ्यांदा विचारतो. घेताय ना?"

"छे छे, एवढं कशाला!"

"अहो, दोन नकार सकाळी झाले की!"

"ते फोनवरचे. घरी आलास, तर पहिल्यापासून नको का?"

"बरं, घ्या हो!"

"नको रे, उगाच..."

आतून एलोडिया कडाडली, "इंगवाल्ड! सही कर, नाहीतर डाव्या खांद्याचाही दावा लावायची वेळ आणीन!"

"घ्या!" मी ओरडलो.

"आता तू एवढा आग्रहच करतोयस, तर..." म्हणत त्यानं डाव्या हातानं, जीभ बाहेर काढून, सावकाश सही केली. चार अठ्ठावन्न! एलोडिया डोळे पुसत हसली, इंगवाल्ड हसला, मी तर खुर्चीत वितळलोच. तिथूनच आमच्या साहेबीणबाईंना फोन लावला.

"बाई, सही मिळाली! दोन मिनिटं राखून!"

"छान," क्वाम बाई म्हणाल्या. "पण एवढी घाई कशाला केलीत? मुदत पुढच्या शुक्रवारची आहे."