ओट्याखालचा बर्फ

माझे धाकटे दीर किसनभावजी नव्या माणसाला आधी मोजतात आणि मग बोलतात. पाहुणा दारात उभा राहिला की हे त्याला खालून वर बघणार, "पाच फूट सात" म्हणणार आणि मग म्हणणार, "या, बसा." खिशात कायम टेप. लग्नाला गेले की मांडव मोजतात. दवाखान्यात नेलं तर खाट मोजली आणि डॉक्टरला सांगितलं, "सदर खाट माझ्या मापास कमी पडते."

मोजणी खात्यात साखळी ओढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. साहेब सावलीत बसून नकाशा काढायचे आणि हे उन्हात साखळी धरून बांधाबांधानं पळायचे. निवृत्त झाल्यावर साखळी सुटली आणि साहेब अंगात शिरला. तेव्हापासून बोलणं सगळं सरकारी कागदातलं. भाकरी करपली तर "सदर भाकरी खाण्यास अयोग्य." मांजर घरात आलं तर "अतिक्रमण."

अवसरीत आमची दोघांची घरं एका भिंतीला आहेत. ती भिंत त्यांनी तीनदा मोजली. दर वेळी ती त्यांच्या हद्दीत दोन बोटं सरकलेली निघते.

"वैनी, दोन बोटं तुमच्याकडं जास्त हायेत."

"मग न्या कापून," मी म्हणते. "कोयता देऊ?"

ह्या माणसानं मागल्या वर्षी घरात बर्फ करायचं मशीन घ्यायचं काढलं. मोठ्या हॉटेलात असतं तसलं, ओट्याखाली बसणारं. घरात माणूस एकटा. त्यातून दात असे की माठातलं पाणीसुद्धा तोंडात घोळवून कोमट झाल्यावर गिळतात. गावाला वाटलं, म्हातारा ह्या वयात प्यायला लागला.

मला कारण माहीत होतं. सांगून टाकते, म्हणजे पुढं तुम्हाला कोडं नको.

चार वर्षांपूर्वी माझी जाऊ सिंधू गेली. भर मे महिना. एकुलता एक मुलगा महेश कॅनडात, त्याला यायला दीड दिवस लागणार. मंचरची भाड्याची थंड पेटी दुसऱ्या गावाला गेली होती. बर्फाची लादी बघायला माणूस धाडला तर त्या दिवशी लग्नाची दाट तीथ. सगळा बर्फ वऱ्हाडाच्या मठ्ठ्यात गेलेला. दुपारचे बारा वाजले. माणसं एकमेकांकडं बघत होती. मग मी म्हणाले, "उचला आता." घरातली मोठी मी. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं. चुकलं असं मला आजही वाटत नाही, उन्हाचं मढं किती वेळ ठेवणार?

महेश सावडायच्या दिवशी पोचला. राखेपाशी उभं राहून बापाला म्हणाला, "आई कशी दिसत होती?"

भावजी म्हणाले, "बरी व्हती." ह्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा माप सांगता आलं नाही.

तर मशीन त्यासाठी. आपली वेळ येईल तेव्हा महेशला बापाचं तोंड दिसलं पाहिजे, एवढंच.

"अहो, पण पेटी मिळते की भाड्यानं," मी म्हटलं.

"पेटी एक, गावं धा. आन् पेटीला लाइट लागते."

"मग मशीनला काय रॉकेल लागतं?"

"बर्फ बनवायला लाइट लागते वैनी. बनल्याला बर्फाला न्हाई लागत."

"आन् तुमी मेल्यावर ते चालू कोण करणार? तुमी उठून?"

"ते चोवीस तास चालूच राहनार. रोज ताजा बर्फ."

"मेल्या माणसाला ताजा बर्फ! जित्यापणी शिळ्या भाकरी खाताय त्या खाताय."

ह्यावर ते टेप काढतात आणि काहीतरी मोजायला लागतात. बोलणं संपलं.

मशीन बघायला पुण्याला मला घेऊन गेले, साक्षीदार म्हणून. दुकान गार होतं, तेवढं मला आवडलं. टाय लावलेला विक्रेता फार गोड बोलत होता. एक मशीन पांढरा बर्फ करायचं, दुसरं काचेसारखा. भावजींनी दोन्ही मशीनं चारी बाजूंनी मोजली आणि विचारलं, "साडेपाच फुटाला किती लागंल?"

"सर, पार्टी किती लोकांची असेल?"

"एकाच मानसाची."

तो म्हणाला, "एका माणसाला एवढा बर्फ? रोज?"

"रोज न्हाई. एकदाच. पण दीड दिवस चालला पायजे."

विक्रेत्यानं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, "सर, मग काचेचा बर्फच घ्या. ग्लासात लवकर विरघळत नाही. सोबत सोडा वगैरे..."

"सोडा कशाला? वास येतो का लगेच?"

मला हसू आवरेना. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. तासाभरानं ते पावती घेऊन आले. काचेचा बर्फ ठरला होता. त्यात म्हणे चेहरा स्वच्छ दिसेल.

घरी आल्यावर त्यांनी जागा नक्की केली आणि कागद लिहिला. माझ्याकडं तो अजून आहे. "मौजे अवसरी बुद्रुक येथील स्वयंपाकघरातील सदर यंत्राची चतुःसीमा. पूर्वेस भांडी घासायची मोरी, पश्चिमेस गॅसची टाकी, दक्षिणेस भिंत, उत्तरेस चालण्याची वाट." खाली पंच म्हणून माझी सही घेतली. मी चौथी शिकलेली. पण बर्फाच्या मशीनची हद्द कायम करणारी बाई अख्ख्या आंबेगाव तालुक्यात मी एकटीच असेन.

मशीन आलं. सोबत प्लंबर आला. ओट्याखालची कडप्प्याची एक उभी फळी काढली, मशीन आत सरकवलं. अगदी तंतोतंत बसलं. भावजींनी माझ्याकडं असं बघितलं, जशी मी त्यांची साहेब आणि आता बढती देणार.

मग प्लंबर म्हणाला, "काका, बर्फ वितळल्याचं पाणी बाहेर कुठनं काढायचं?"

"मोरीत."

"मोरीचं भोक वर हाय. मशीनचा पाइप खाली. पानी चढावर जात न्हाई."

तेव्हा कळलं की ह्यांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, उतार मोजलाच नाही. मोजणी खात्यात डोंगरसुद्धा सपाट धरून मोजतात म्हणे. चाळीस वर्षं डोंगर सपाट करणारा माणूस, त्याला चार इंचांची मोरी काय दिसणार?

"खाली पंप लावा," प्लंबर म्हणाला.

"पंपाला लाइट लागते," भावजी म्हणाले.

मग मशीन चार इंच उचलायचं ठरलं. विटांचा चौथरा केला. आता मशीन ओट्याखाली मावेना. मग गवंडी बोलावून ओटाच चार इंच उचलला. आता शेगडीवरचं पातेलं भावजींच्या छातीला आलं. सत्तरीचा माणूस तेव्हापासून पाटावर उभा राहून पिठलं हलवतो. देव्हाऱ्याखालचा पाट होता तो. देव खाली आले, हे वर गेले.

मशीन सुरू झालं तो दिवस विसरणार नाही. दुपारी भिंतीपलीकडं धडाधड आवाज झाला. मला वाटलं, म्हातारा पाटावरून पडला. पळत गेले तर हे मशीनसमोर मांडी घालून बसलेले. आत बर्फाचे चौकोनी तुकडे पडत होते. त्यातला एक त्यांनी टेपनं मोजला.

"सव्वा इंच. मापात हाय."

"आता ह्याचं करायचं काय? अजून तर जिवंत हायसा."

"वितळू द्यायचा. वितळला की नवा येतो. मशीनच्या खणात गारवा नसतो वैनी, नुसती झाकून ठेवायची सोय असती."

म्हणजे रात्रंदिवस बर्फ करायचा आणि मोरीत सोडायचा. मी कपाळावर हात मारला. पुढं मशीननं विहिरीच्या पाण्याचा क्षार धरला. दर महिन्याला ते मशीन आतून पुसतात. सिंधू होती तेव्हा ह्या माणसानं चहाची कपबशी कधी विसळली नव्हती.

दिवाळीला महेशचा व्हिडिओ कॉल आला. मी तिथंच होते. भावजींनी फोन मशीनसमोर धरला, दार उघडून बर्फ दाखवला. कशासाठी आहे तेही सांगितलं.  पोरगा वाईट नाही. म्हणाला, "पप्पा, माझा भरवसा धरू नका. इथं लगेच निघता येत नाही. आणि हल्ली सगळं व्हिडिओवर दिसतं. माझ्यासाठी कुणाला थांबवून ठेवू नका."

"आपल्याकडं रेंज नसती," भावजी म्हणाले. मशीनचं दार लावलं. मला वाटलं, आता बंद करतील. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडं धडाधड आवाज आला. म्हटलं, बरं बाई, चाललंय तर चालू दे.

ह्या उन्हाळ्यात आमच्या आळीच्या टोकाला राहणारी गयाबाई पहाटे गेली. तिची एकच मुलगी, रंजना, इंदूरला दिलेली. निघाले म्हणून तिचा फोन आला. पोचायला संध्याकाळचे पाच होणार. आदल्या संध्याकाळी वाऱ्यानं तार तुटलेली, गावात लाइट नाही. पेटी मंचरहून आली असती, पण लाइटशिवाय पेटी म्हणजे नुसतं कपाट. नऊ वाजता मंडळी जमली आणि चर्चा सुरू झाली.

"दुपारच्या आत उरकू. ऊन लई हाय."

"पोरीला कळवू, सावडायला ये म्हणून."

तेवढ्यात भावजी दोन बादल्या घेऊन आले. बर्फ बराचसा वितळला होता, तरी दोन बादल्या भरला. दारात बादल्या ठेवल्या आणि म्हणाले, "पोरगी येईस्तवर उचलायचं न्हाई."

हा माणूस चार माणसांत मापाशिवाय बोलत नाही. सगळे बघतच राहिले.

गयाबाईचा पुतण्या म्हणाला, "तात्या, तुमी कोन सांगनार? आमच्या घरचं हाय."

"मी बर्फवाला," भावजी म्हणाले आणि आत शिरले.

प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बर्फ बांधला. मानेशी, कानांशी, पोटावर ठेवला. तासातासाला पाणी निपटून काढलं, पिशव्या बदलल्या, तोंड कोरड्या फडक्यानं पुसलं. कुणाला हात लावू दिला नाही. कुणी पुढं सरकलंच नाही म्हणा. एक वाजता दुसरी बादली संपत आली. पुतण्या परत म्हणायला लागला, "आता तरी..." आणि माझ्याकडं बघायला लागला. अशा वेळी गावाला माझ्या तोंडाची सवय आहे.

मी उठले. बादली उचलली आणि वेशीपलीकडं लग्न होतं तिथं गेले. आचारी मठ्ठ्याच्या पिंपात लादी फोडून टाकत होता.

"अर्धी लादी दे," मी म्हटलं.

"आजी, वऱ्हाड पंगतीला बसतंय!"

"बसू दे. गरम मठ्ठा पिऊन कुणी मरत न्हाई. पेशंटसाठी पायजे."

खोटं बोलले. लग्नात मरणाचं नाव काढत नाहीत. त्यानं कुरकुर करत लादी दिली, वर भुसा झटकून दिला. टेंपोवाल्याला दटावून मी ती गयाबाईच्या दारात आणली. भावजींनी माझ्याकडं बघितलं, लादीकडं बघितलं.  लादी फोडायला लागले.

रंजना सव्वापाचला आली. रडत आली, आईपाशी बसली. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग आईच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "लई गार लागतीय."

"बर्फ व्हता बाई," भावजी म्हणाले, जशी काही त्यांचीच चूक झाली. आणि कोपऱ्यात जाऊन ओलं फडकं पिळत उभे राहिले. पिळून त्यात काही उरलं नव्हतं तरी.

उजेड होता तोवर सगळं आटोपलं. आम्ही दोघं आंघोळी करून दारापुढच्या ओट्यावर बसलो. चूल पेटवायची नव्हती, शेजारून चहा आला होता.

भावजी म्हणाले, "महेश यायचा न्हाई. मला ठावं हाय."

मी चहा प्यायले.

"तरी माझ्या येळंला तुमी लगेच उचला म्हनू नका."

"आधी मी जाणार. सहा वर्षांनी मोठी हाय तुमच्याहून."

"तुमी जित्या असला तर म्हनतोय."

"मुलगा येणार न्हाई म्हनता. मग थांबायचं कुणासाठी?"

त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"कुणासाठी न्हाई. उगंच. जरा वेळ राहू द्या घरात."

"राहा की," मी म्हटलं. "कोण हाकलतंय तुमाला?"