तुम्हाला काही विचारायचंय?

कारखाना बंद पडला आणि स्टोअरकीपर घरी बसले. घरी म्हणजे स्वयंपाकघरात. आठवड्याभरात त्यांनी सगळ्या डब्यांना नंबर घातले आणि चमचाभर मीठ हवं असलं तरी बायकोने चिठ्ठी द्यायची, असा नियम केला. (दोन प्रतींत. मंजुरी दुपारच्या झोपेनंतर.) तीन महिने ती माउली चिठ्ठ्या लिहीत राहिली. त्यामुळे मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा नवऱ्याआधी तीच तयारीला लागली.

"अहो, शेवटी ते विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का. गेल्या वेळेसारखं कँटीन कुठंय म्हणून विचारू नका."

"भूक लागली होती."

"चांगले उमेदवार काय विचारतात ते मी वाचलंय. या जागेवर दिवस कसा जातो, आधीचा माणूस का गेला, आणि तुम्ही स्वतः इथे खूश आहात का. एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं."

मुलाखत झकास झाली. शेवटी साहेबांनी तो प्रश्न टाकलाच.

"या जागेवर दिवस कसा जातो?" स्टोअरकीपरांनी विचारलं.

"शांततेत. माल आला की लिहायचा, गेला की लिहायचा. फोन नाही, मीटिंग नाही. पाचला गोदामाला कुलूप." साहेबांचा आवाज जरा हळवा झाला.

"आधीचा माणूस का गेला?"

"रिटायर झाला. जाताना रडत होता."

"आणि साहेब, तुम्ही स्वतः इथे खूश आहात?"

साहेबांनी चष्मा काढला. टेबलावरचा फोन वाजत होता, तो त्यांनी वाजू दिला. (आपली छाप पडली, हे स्टोअरकीपरांनी ओळखलं.)

"अठरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं," साहेब म्हणाले.

स्टोअरकीपर तरंगतच घरी आले. बायकोने चिठ्ठ्यांचं पॅड माळ्यावर फेकलं.

चौथ्या दिवशी फोन आला. "हो, हो, बरं," एवढं बोलून ते मटकन खाली बसले.

"काय झालं?"

"जागा भरली."

"कुणी घेतली?"

"साहेबांनीच. गोदामात बदली मागून घेतली. माझे आभार मानत होते. म्हणाले, तुम्ही माझे डोळे उघडलेत."

बायकोने केस विंचरले, पर्स घेतली आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"साहेबांची खुर्ची रिकामी झाली असेल ना. विचारून येते."

"अगं, आणि माझं जेवण?"

तिने स्टूल ओढलं, माळ्यावरचं पॅड काढलं आणि धूळ झटकून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"काय लागेल ते लिहून ठेवा. आल्यावर बघते."

दारातून ती पुन्हा वळली.

"दोन प्रतींत."