तिठ्यावरचं सॅलड

"मॅडम, तुमची स्वतःची मुलं सॅलड खातात का?"

पुनमने माइकवर हे विचारलं आणि शाळेच्या सभागृहात फक्त पंख्यांचा आवाज उरला. हिंमत असेल तर विचार, असं म्हणत इतका वेळ कोपर मारणारी तिची मैत्रीण दिपमाला आता खाली वाकून बुटाची लेस बांधत होती. तिच्या पायात चपला होत्या.

स्टेजवरच्या आहारतज्ज्ञ मॅडम तासभर काकडी-गाजराचे गोडवे गात होत्या. त्या पाणी प्यायल्या, मग त्यांनी चष्मा पुसला आणि खरं सांगून टाकलं. "नाही गं. एक फोड नाही."

"मग मी खाऊ घालून दाखवते, आमच्या गल्लीतल्या पोरांना."

'हे बोल' असं काही दिपमालाने मुळीच सांगितलं नव्हतं. पण नववीत गेल्यापासून पुनमचं तोंड तिच्या आधी निघायचं, ती मागून पोचायची. मॅडम तर खूश झाल्या. पोरांनी खाल्लं तर सुट्टीत जळगावच्या शिबिराला ये, चार दिवस होस्टेलला राहा, स्टेजवर तू स्वतः बोल, असं म्हणाल्या.

घरी पप्पांनी शेवभाजीत भाकरी कुस्करता कुस्करता निकाल दिला. "एकटी? चार दिवस? आधी आपल्या कुंदनच्या पोटात काकडीची एक फोड घाल. मग जळगावचं बोलू."

कुंदन म्हणजे पुनमचा सहा वर्षांचा भाऊ. पोह्यांतली कोथिंबीरही तो चिमटीत धरून मेलेल्या पालीसारखी ताटाबाहेर ठेवायचा.

रविवारी पुनम कामाला लागली. बीट किसण्यात मजा नाही, तिने गोल चकत्या केल्या. पत्रावळीवर फुलासारख्या मांडल्या, मधे कापलेलं लिंबू, कडेने हिरव्या मिरच्या, वरून खोबऱ्याचा कीस. पोरं तिठ्यावर कडुनिंबाच्या पाराशी गोट्या खेळत होती, म्हणून पत्रावळ तिने थेट पारावर नेऊन ठेवली. "थांबा रे, मीठ आणते," म्हणाली आणि पळाली.

ती मीठ घेऊन आली तेव्हा तिठा रिकामा होता.

बाराची वेळ. अमळनेरचं एप्रिलचं ऊन, कावळासुद्धा सावली धरून चालणारा. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. गोट्या धुळीत जिथल्या तिथे पडल्या होत्या आणि पोर एकही नव्हतं. गल्लीतली दारं एकामागून एक लागत होती, हळूच, कड्यांचा आवाज न करता. समोरच्या खिडकीतून तानुआजीचा दबका आवाज आला.

"हात लाऊ नका रे कोणी. उतारा शे तो. बठ्ठा पोरेसले घरमा लई जा."

उतारा? पुनमने पत्रावळीकडे आजीच्या डोळ्यांनी पाहिलं. लाल चकत्या, कापलेलं लिंबू, मिरच्या, खोबरं. तिठ्यावर. भर बाराला. तिच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. एखाद्याला लागलेलं काढून ठेवायचं तर कोणी याहून वेगळं काय मांडलं असतं?

सांगून टाकावं म्हणून ती वळली, तर दारात पप्पा उभे. त्यांनी चपला काढल्या होत्या आणि पत्रावळीला हात जोडले होते. आता सांगितलं तर जळगाव संपलंच. पुनमने मिठाची वाटी ओढणीखाली घेतली आणि ती घरात गेली.

मोठी माणसं जेवून लवंडली. पुनम खिडकीशी आली तेव्हा पत्रावळ पुसल्यासारखी स्वच्छ होती. मागच्या दाराने कुंदन आत आला. ओठ लाल, हनुवटी लाल, हसला तर दातही लाल.

"ताई, अजून आहे?"

पुनमला नाचावंसं वाटलं. तिने त्याचं तोंड घासून घासून धुतलं.

पण तोंड धुतलं म्हणजे झालं असं नसतं. सकाळी कुंदन मोरीतून ओरडला, "मम्मी, बघ, माझी शू लाल!" मम्मीची किंकाळी धुळ्यापर्यंत गेली असेल. तिला उत्तर म्हणून आणखी चार घरांतून किंकाळ्या आल्या.

"पोरेसनी उतारा खादा," तानुआजी ओट्यावर बसून म्हणाली, आणि गल्ली गार पडली.

एक मोटरसायकल डॉक्टरांकडे निघाली, दुसरी भगताकडे. निखाऱ्यावर मिरच्या पडल्या. पाचही पोरांना धुरापुढे बसवलं. कुंदन खोकून खोकून लाल झाला, आणि तो आणखी लाल झालाय हे पाहून मम्मी रडायला लागली.

पुनमला ते पाहवेना. जळगाव गेलं खड्ड्यात. ती घरातून उरलेलं बीट घेऊन आली, सगळ्यांसमोर कच्चंच कचाकचा खाल्लं आणि तोंड उघडून दाखवलं. "सॅलड होतं ते. मी ठेवलं होतं. बिटाने शू लाल होते, डॉक्टरांना विचारा."

डॉक्टरांनीही येऊन तेच सांगितलं. पप्पांनी पुनमच्या हातातलं अर्धं बीट उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या कुंदनने कच्चं बीट खाल्लं? स्वतःच्या हाताने?"

"हो."

"मग जा बाई जळगावला. तू कुठेही जगशील."

पुनम हवेत. मम्मी माळ्यावरून बॅग काढायला लागली. भाषणाच्या तयारीसाठी पुनमने कुंदनला ओट्यावर गाठलं. "खरं सांग कुंद्या, हात लावू नका म्हणाले म्हणून खाल्लंत ना?"

"नाही. आम्ही तर घाबरून लांब उभे होतो. त्या बाईने बोलावलं."

"कोणत्या बाईने?"

"पारावर बसली होती ती. हिरव्या लुगड्याची. आधी तिने स्वतः खाल्लं, कुरूम कुरूम. मग म्हणाली, या रे, गार आहे. तू कशी पौष्टिक पौष्टिक करत मागे लागतेस, तशी नाही लागली."

पुनमला आधी राग आला. नाव आपलं व्हायचं आणि पोरांना खाऊ घालणार भलतीच. "कोणाकडची पाहुणी असेल."

"काय माहीत. पण ताई, तिला दात नव्हते."

पुनमने बाकीच्या चौघांना एकेकटं गाठून विचारलं. हिरवं लुगडं. कुरूम कुरूम. दात नव्हते. शेवटी ती तानुआजीच्या खिडकीशी गेली. काल दुपारी पारावर कोण बाई बसली होती?

"बाई?" आजीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "डोळा लागना व्हता मन्हा. उठीसन दखं तं पाच पोरे पाराले गोल करी बठेल व्हतात. मधमा कोणी नव्हतं. पण पोरे मधमाच दखी हासी ऱ्हायंतात."

पुनम घरी आली. मम्मी तिचे कपडे बॅगेत भरत होती, पप्पा फोनवर मॅडमना सांगत होते की आमची पुनम एकटी राहायला अजिबात घाबरत नाही. पुनम दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"मम्मी, पप्पा, मी एक निर्णय घेतलाय. मी जळगावला जाणार. मम्मी माझ्यासोबत येणार. आणि तोपर्यंत रोज मी तुमच्या दोघांच्या मधे झोपणार."