आकाशाच्या प्लेटा बघणारे बबनतात्या

आमचे बबनतात्या आकाशातल्या ताऱ्यांनाही "हलू नका" म्हणून दटावतात. तेही कॉम्प्युटरच्या पडद्याला बोट लावून.

भिगवणच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. दर शुक्रवारी शाळा सुटली की लघुग्रह शोधायचा वर्ग भरवते. परदेशातल्या एका दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमांच्या फाइली आम्हाला येतात. आकाशाचा एकच तुकडा, थोड्या थोड्या वेळाने चारदा टिपलेला. सॉफ्टवेअरमध्ये त्या चार प्रतिमा एकामागून एक फिरवायच्या. तारे जागच्या जागी राहतात. एखादा ठिपका सरळ रेषेत सरकला, तर तो लघुग्रह असू शकतो. मग त्याची जागा मोजून अहवाल पाठवायचा.

तात्या शाळेच्या मागंच राहतात, एकटेच. एका शुक्रवारी त्यांच्या अंगणात गेलेला चेंडू परत द्यायला आले, पडदा बघितला आणि चेंडू हातात धरून तासभर तिथंच उभे राहिले.

"बाई, ही प्लेट उलटी धुतलीय," शेवटी ते म्हणाले. "पांढऱ्यावर काळं न्हाय, काळ्यावर पांढरं पायजे."

मी एक बटण दाबलं. पांढरा पडदा काळा झाला, काळे ठिपके पांढरे झाले. तात्या खूश! सगळी नोकरी त्यांनी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात घालवलेली. पुढच्या शुक्रवारी ते इस्त्रीचा पांढरा कोट घालून आले. खिडक्यांचे पडदे ओढले, स्क्रीन पुसली, खुर्चीत बसले.

तेव्हापासून आमच्या वर्गात प्रतिमेला प्लेट म्हणतात आणि लघुग्रहाला पेशंट. चारही प्लेटा फिरेपर्यंत तात्या श्वास रोखून धरतात. त्यांचं बघून मुलंही धरतात. एकदा मी वेग कमी ठेवला, तर सगळा वर्ग लालबुंद झाला.

पावसाळा संपता संपता तात्यांना एक अगदी फिका ठिपका दिसला. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्लेटवर. तिसरीवर नव्हताच.

"तात्या, सोडून द्या. कॅमेऱ्याचा दोष असेल."

"दोष न्हाय. तिसरीत त्यो त्या मोठ्या ताऱ्याच्या उजेडात दडलाय. बरगडीमागं डाग लपतो, तसा. अंतर मोजा की!"

मी मोजलं. ठिपक्याचं पाऊल अगदी सारखं पडत होतं. अहवाल पाठवला.

त्यानंतर तात्यांनी मला सळो की पळो करून सोडलं. शाळेच्या फाटकात, बँकेत, एसटी स्टँडवर, कुठंही दिसले की, "रिपोर्ट आला का?" मासळी बाजारात तर पलीकडच्या टोकाहून ओरडले, "बाई, आपल्या पेशंटचं काय?" कोळीणबाईनं घाबरून विचारलं, "घरात कोन आजारी हाय?"

दोन महिन्यांनी मेल आला. दुसऱ्या एका दुर्बिणीला तो ठिपका पुन्हा दिसला होता. मी धावतच तात्यांकडं गेले. मला वाटलं, ते पेढे वाटतील. ते पायरीवर बसून राहिले.

"म्हंजी हाय त्यो. परत गावला."

"हो! तुमच्यामुळं."

ते आत गेले आणि एक जुनं पिवळं पाकीट घेऊन आले. त्यात छातीचा एक्स-रे होता. कोपऱ्यात नाव, वय नऊ, गाव निरवांगी.

"डॉक्टर म्हनले, पोरीला आजच पुन्याला न्या. बा तिला उचलून तसाच गेला. प्लेट ऱ्हायली हितंच. आमी प्लेट काढायची, पेशंट म्होरं जायाचा. बरा झाला का गेला, आमाला सांगायला कोन येतंय? पर ही पोरगी… मी श्वास धर म्हनलो, तर मला म्हनली, सोडू कवा ते सांगशिला न्हवं?"

"निरवांगी काय लांब आहे, तात्या? इतक्या वर्षांत गेला का नाही?"

"आन ती आता न्हाय, आसं म्हनले असते तर?"

त्या रविवारी मी त्यांना माझ्या गाडीतून निरवांगीला नेलं. पाकीट मांडीवर होतं. गावात नाव विचारत विचारत एका घरापाशी पोचलो. दारात तिशीची एक बाई भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती आणि शेजारणीशी मोठमोठ्यानं हसत होती. शेजारणीनं तिला नावानं हाक मारली. तेच नाव. तात्यांनी पाकीट हळूच सीटखाली सारलं.

आम्ही उतरलो. तिनं तात्यांना ओळखलं नाही. ओळखणार तरी कशी? पण पाणी दिलं, ओंजळभर शेंगा दिल्या.

"कुठलं पाव्हनं म्हनायचं? कुनाकडं आलासा?"

"भिगवनचं," तात्या म्हणाले. त्यांनी एक शेंग फोडली, पण खाल्ली नाही. "तुमच्या गावात एक जन बगायचं ऱ्हायलं हुतं. बगितलं."