निळ्या झाकणाचा डबा

मार्नीने पिशवीचा पट्टा तिसऱ्यांदा उसवला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते, आणि पाचला अग्निशमन दलाचा भोंगा वाजणार होता. एकदा भोंगा वाजला की गावातली सगळी पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत सुटतात. सातला परत वाजला की घरी. मधले दोन तास काय ते खरे. त्यात ज्याची पिशवी फाटली, त्याचा हॅलोविन संपला.

गेल्या वर्षी टिलीचा असाच संपला होता. कागदाची पिशवी, वरून ओला बर्फ. पाच वर्षांची पोर दोन तास फिरून घरी आली ती हातात पिशवीचे दोन बंद आणि एक गोळी घेऊन. तळ कधीच गळून पडला होता. चॉकलेटं अख्ख्या रस्त्यावर सांडलेली. सकाळी ती बर्फ काढायच्या गाडीने ढकलून नेली. गाडी तिच्या बापाचीच होती.

टिलीने बापाला माफ केलं, पण विसरली नाही. या वर्षी तिने सोंगच बर्फाच्या गाडीचं घ्यायचं ठरवलं. अंगाभोवती पुठ्ठ्याचं खोकं, पुढे पुठ्ठ्याचंच फावडं.

"आता बघतेच कोण कुणाचं गोळा करतं," असं ती जेवताना म्हणाली, आणि तिच्या बापाने, रेनो काकांनी, मान खाली घालून बटाटा कापला.

त्याच जेवणात पैज लागली होती. मार्नीने मार्च महिन्यात शाळा सोडली आणि ती उत्तरेला लोर्ना मावशीकडे राहायला आली. तेव्हापासून तिच्या हातून घरात बरंच काही सुरू झालं होतं. अर्धं रंगवलेलं कुंपण, एकाच हाताचा मोजा, तीन पायांवर उभं राहिलेलं स्टूल.

"या घरात तू सुरू केलेली आणि संपवलेली एक वस्तू दाखव," काका म्हणाले.

"जेवण."

"जेवण सोडून."

मार्नीने काटा ताटात आपटला. "टिलीची पिशवी मी शिवते. दहा वर्षं टिकेल अशी."

"भोंगा वाजायच्या आधी?"

"आधी!"

"ठीक. धड झाली तर नाताळपर्यंत या घरात 'शाळा' हा शब्द निघणार नाही. नाहीतर सोमवारी मी स्वतः तुला शाळेत सोडतो. बर्फाच्या गाडीतून. वरचा पिवळा दिवा लावून."

तो पिवळा दिवा मार्नीच्या डोक्यात आठवडाभर फिरत होता.

लोर्ना मावशी होड्यांची आवरणं आणि तंबू शिवायची. तिच्या मशीनवर बसायचं म्हणजे तिच्या नजरेखाली बसायचं. ती ओरडत नसे. शिवण उजेडात धरायची, नख फिरवायची आणि कात्री पुढे सरकवायची, एवढंच. मार्नीच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा, पण ती उसवायची. तळाचे कोपरे दुमडून शिवले म्हणजे पिशवी आपली आपण उभी राहते, हे तिला चौथ्या वेळी जमलं. आतून न्हाणीघरातल्या जुन्या प्लास्टिकच्या पडद्याचं अस्तर, म्हणजे बर्फाचा प्रश्न मिटला. पट्टा लांब, गळ्यातून आडवा घालायचा, कारण गाडीचे दोन्ही हात फावड्यावर. आणि दर्शनी बाजूला काळ्या कापडाचा हसणारा भोपळा, डावीकडे पाच दात, उजवीकडे तीन.

कापडाचं मात्र ऐन वेळी अडलं होतं. "जिन्याखाली जुन्या कपड्यांचा डबा आहे, त्यातलं घे," मावशीने मशीनवरूनच सांगितलं. जिन्याखाली डबे निघाले दोन. लाल झाकणाच्या डब्यात धुतलेले, घडी घातलेले शर्ट. निळ्या झाकणाच्या डब्यात जाड कापडाचं एक बिनबाह्यांचं नारिंगी जॅकेट, आणि त्यावर पाइनची पानं, माती, शेवाळ. यातला टाकाऊ कपड्यांचा डबा कुठला, हे शेंबडं पोरही सांगेल. मार्नीने जॅकेट झटकलं आणि कात्री लावली. कापडाला वास होता, ओल्या बकरीने बाटलीभर अत्तर प्यावं तसा. धुवायला वेळ नव्हता. तासभर वाऱ्यावर टांगलं आणि आतून अस्तर लावलं.

पाचला दहा कमी असताना काका कामावरून आले. बूटही काढले नाहीत. पिशवी उलटी केली, पट्टा ओढला, आत दोन लोखंडी तवे आणि एक लाकडाचा ओंडका घातला आणि ती हात लांब करून धरली. मार्नी श्वास रोखून बघत होती. कुठे करकरलं नाही.

काकांनी नाक फेंदारलं. "जंगलाचा वास येतोय."

"ओंडक्याचा असेल," मार्नी म्हणाली.

"हं," काका म्हणाले. कुणाच्या कामाबद्दल माणूस एरवी इतकंही बोलत नाही. तवे बाहेर काढून ते पुढे म्हणाले, "दुहेरी शिलाई. छान." मार्नीला वाटलं आपण घराच्या छपरावर उभ्या आहोत.

भोंगा वाजला. टिलीने पिशवी गळ्यात अडकवली, तोंडाने इंजिनाचा आवाज काढला आणि बापाला मागे घेऊन निघाली. मार्नी खुर्चीत पसरली. अर्ध्या तासाने जिन्याखालून मावशीचा आवाज आला. आवाज बारीक होता, आणि मावशीचा आवाज कधी बारीक नसे.

"मार्नी, कापड कुठल्या डब्यातलं घेतलंस गं?"

"निळ्या."

मावशी जिन्याच्या पायरीवर बसली. "अगं, ते काकांचं शिकारीचं जॅकेट!"

"चिखलात लोळवलेलं?"

"चिखलात मुद्दाम ठेवतात! माणसाचा वास जावा म्हणून! आणि या वर्षी त्यांनी नवा प्रयोग केला होता. नर हरीण भुलून यावं म्हणून हरिणीच्या मुताची अख्खी बाटली ओतून दोन महिने मुरवत ठेवलं होतं."

मार्नीने आपले हात हुंगले आणि लगेच लांब धरले.

रेनो काका अकरा वर्षं हरणाच्या मागे होते. दर पंधरा नोव्हेंबरला, जेव्हा शिकारीचा हंगाम उघडतो आणि गावात शाळाही बंद असते, ते पहाटे झाडावर चढून बसत आणि अंधार पडल्यावर गोठलेल्या मिशा घेऊन परत येत. एकदाही हरीण आलं नाही. कामावरचे लोक त्यांना 'झाडाचा राखणदार' म्हणत. तरी पुढचं वर्ष आलं की माणूस पुन्हा डबा उघडून तयारीला लागे. शाळा, कुंपण, मोजा सगळं अर्ध्यावर सोडणाऱ्या मार्नीला मनातून त्याचं फार नवल वाटे. कबूल ती कधी करणार नव्हती. आणि त्याच माणसाचं जॅकेट कापून तिने त्यावर दात शिवले होते.

"थांब, मी सांगते त्यांना हळूच," मावशी म्हणाली.

"मी कापलंय. मीच सांगणार!" मार्नी ओरडली आणि कोट न घालताच पळाली.

ती दोघं तिला रस्त्याच्या टोकाला, सालो आजींच्या दारात सापडली. पुढे घर नव्हतं, जंगलच. सालो आजींचा म्हातारा कुत्रा पिशवीचा वास घेऊन अंगणात पाठीवर लोळत होता.

"वर्षभर हा उठला नाही हो," आजी काकांच्या हातात केळं देत सांगत होत्या. "काय घातलंयस गं पोरी पिशवीत?"

"चॉकलेटं," टिली म्हणाली. "बेचाळीस."

"काका, मला सांगायचंय," मार्नीने धापा टाकत सुरुवात केली.

"शू!" काका म्हणाले.

"नाही, आत्ताच सांगणार! ती पिशवी..."

"मार्नी, बाळा, हलू नकोस."

गॅरेजच्या मागून एक नर हरीण बाहेर आलं होतं. मान जाड, शिंगांना आठ टोकं. मावळत्या उजेडात ते रस्ता ओलांडून थेट टिलीकडे चालत आलं. काकांच्या तोंडातून वाफसुद्धा निघेना. हरणाने पुठ्ठ्याच्या फावड्यावरून मान घातली आणि नाक पिशवीला लावलं.

टिलीने त्याच्याकडे नीट बघितलं. "असं नाही. आधी म्हणायचं, 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू.'"

हरणाने काही म्हटलं नाही. पट्टा दातात धरून एक हिसका दिला. पट्टा तुटला नाही. दुसरा दिला. टिलीची गाडी दोन पावलं पुढे सरकली, पण शिवण हलली नाही. एवढ्या घाबरगुंडीतही मार्नीच्या मनात आलं, चौथ्यांदा शिवला ते बरं केलं. मग कुत्र्याला कर्तव्य आठवलं, तो भुंकला आणि हरीण तीन उड्यांत जंगलात गेलं.

काका गुडघ्यावर बसले, पिशवी नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"निळं झाकण," ते म्हणाले.

"हो," मार्नी म्हणाली. "मी कापलं. मावशीला बोलू नका. सोमवारी येते मी. दिवा लावा हवा तर."

काका पिशवीच्या दातांकडे बघत राहिले. "अकरा वर्षं बसलो झाडावर," ते हळूच म्हणाले. "हे माझ्या घरापासून सहा दारांवर आलं, आणि माझ्या हातात काय होतं? सालो आजींचं केळं."

आजी म्हणाल्या, "दात किडत नाहीत त्याने."

काका हसायला लागले. इतके, की उठायला त्यांना मार्नीचा हात धरावा लागला.

मधले सोमवार गेले; ना पिवळा दिवा लागला, ना पैजेचा निकाल. चौदा नोव्हेंबरच्या संध्याकाळी काका टिलीसमोर उभे होते.

"एका दिवसासाठी पिशवी दे."

"रिकामी परत आणायची नाही," टिली म्हणाली.

पहाटे ते निघाले. अंगात दुकानातलं नवंकोरं नारिंगी जॅकेट, खांद्यावर बंदूक आणि गळ्यात दात विचकणारा भोपळा. मावशीने तोंडावर टॉवेल धरला होता.

अंधार पडल्यावर ते आले. मिशा गोठलेल्या. गाडीच्या टपावर काही नव्हतं.

"आलंच नाही?" मार्नीने विचारलं.

"आलं की. तेच, आठ टोकांचं." काका खुर्चीत बसून बूट ओढत म्हणाले, "झाडाखाली येऊन वर बघत उभं राहिलं. मी बंदूक उचलली. मग वाटलं, याने त्या दिवशी शब्द नाही म्हटला, पण आलं होतं तर खाऊ मागायलाच ना? खिशात एक सफरचंद होतं."

"टाकलंत?"

"खाली उतरून दिलं."

मावशीने टॉवेल खाली घेतला आणि नवऱ्याकडे असं बघितलं, जसं ती फक्त सरळ शिवणीकडे बघायची.

टिलीने पिशवी उघडली. आत पाइनची सात फळं होती. तिने मोजली आणि मान डोलावली.

"मार्नी," काका म्हणाले, "पिशवी उत्तम. काम पूर्ण झालं, असं मी जाहीर करतो. नाताळपर्यंत तो शब्द बंद."

मार्नीने पिशवी दिव्याखाली धरली, पट्ट्याच्या मुळाशी नख फिरवलं आणि कात्री ओढली.

"कुठे पूर्ण? इथे बघा, हरणाने ओढल्यापासून दोन टाके सैल आहेत. असली वस्तू मी देणार नाही. अजून झालेली नाही ही."

पिशवी झाली नव्हती, म्हणजे मार्नी पैजही जिंकली नव्हती. काकांनी तोंड उघडलं. तो शब्द अगदी मिशांपर्यंत आला. मार्नी खाली मान घालून भराभर उसवत होती, तिला पत्ताच नव्हता.

काकांनी तोंड मिटलं, खुर्ची मशीनजवळ ओढली आणि विचारलं, "दोरा कुठला देऊ, काळा की नारिंगी?"