घरकुलाच्या अर्जातलं कॉटेज

प्रस्तुत लेखक कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नाही. धसईच्या बाजारात भंगारवाल्याकडे मिळालेला जाडजूड इंग्रजी शब्दकोश त्याने एकट्याने वाचून काढला, आणि तेव्हापासून गावाला त्याचा ताप सुरू झाला. गरिबांवर अन्याय होतो तो त्यांच्याकडे भारदस्त शब्द नसतात म्हणून, असं त्याचं ठाम मत. हा लेखक म्हणजे मीच.

आमच्या गिरजामावशीचं घर कारवीच्या कुडाचं. वर पेंढा, पेंढ्यावर निळं प्लास्टिक. मागच्या पावसाळ्यात घराची एक बाजू बसली, तेव्हापासून ती शेळीसकट दुसऱ्या बाजूला निजते. तिला घरकुल हवं होतं. अर्ज लिहिण्याचं काम ओघानेच माझ्याकडे आलं.

पाहणीला भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक कमळाकर, येणार असं कळलं. आमच्याकडे न सारवलेल्या घरात पाहुणा घेत नाहीत. मावशीने शेजारच्या बायांना हाक मारली. बसलेली बाजू बांबूच्या टेकूवर उभी राहिली, कूड लिंपला, गेरूचा पट्टा ओढला, अंगणात रांगोळी पडली. प्लास्टिक वाईट दिसतं म्हणून काढून घडी घातली. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. अडवायला हवं होतं. पण मी लिहीत होतो.

'कुडाचं खोपट' असं लिहिलं की साहेब लोक पान उलटतात. म्हणून मी 'कॉटेज' लिहिलं. शिवाय साहेबांचं अज्ञान दूर व्हावं म्हणून खाली टीप जोडली: हा शब्द मूळचा गोरगरिबांचा. इंग्रजांच्या मुलखात जमीनदाराच्या जागेवर खोपटात राहून, त्या बदल्यात त्याच्या शेतात राबणाऱ्या मजुराचं ते घर. हवापालटाला जाणाऱ्या श्रीमंतांनी तो पुढे ढापला. 'ढापला' मी अधोरेखित केलं.

भाऊसाहेब आले. माझा अर्ज घेतला आणि अंगणात उभे राहून त्यांनी फोटो काढला.

"मावशी, एक नंबर ठेवलंय हां! शनिवार-रविवार मुंबईची माणसं असल्या घरात ऱ्हायला येतात."

"तुमी येणार म्हणून केलं, भाऊसाहेब," मावशी लाजून म्हणाली. "चा घेऊन जावा."

महिन्याभराने उत्तर आलं. सदर मिळकत कॉटेज या वर्गात मोडत असून छायाचित्रावरूनही तसेच दिसून येते. सबब अर्जदाराने पर्यटन व्यवसायाचा परवाना सादर करावा.

मी तडक मुरबाडला पंचायत समितीत गेलो. टेबलामागे शेखर नावाचे साहेब होते. "टीप वाचलीत का?" मी गरजलो.

दुर्दैवाने त्यांनी ती तिथेच वाचली. आयुष्यात पहिल्यांदा एका अधिकाऱ्याने माझं लिखाण शेवटपर्यंत वाचलं.

"अभ्यासपूर्ण आहे," ते म्हणाले. "मूळ अर्थ मान्य."

"म्हणजे घर गरिबाचं!"

"गरिबाचंच. आणि जागा जमीनदाराची. जागा स्वतःची नसेल तर घरकुल नियमात बसत नाही."

"अहो, जागा मावशीच्या नावावर आहे! ते इंग्लंडचं सांगितलं!"

"असं कसं? मूळ अर्थ धरा म्हणून तुम्हीच आलात. तो नको असेल तर आताचा धरतो. परवाना आणा."

"मग शब्दच खोडतो."

"ऑनलाइन चढलाय. पुढची पाहणी निघाली की बघू."

संध्याकाळी मावशीला सांगायला गेलो. ती शेळीला पाला टाकत होती.

"पण तू लिवलंस काय रे?"

"तुझ्या घराला इंग्रजीतलं मानाचं नाव दिलं."

"त्याला नाव होता की. घर." तिने हात झटकले. "आमी पावसात कुठं निजायचं, ता लिवलंस का नाय?"

ते मी लिहिलं नव्हतं. बाकी सगळं लिहिलं होतं.

माझं डोकं फिरलं. त्या रागात मी 'कॉटेज' शब्दाच्या चोरीवर एक जळजळीत लेख लिहिला आणि शहापूरच्या एका साप्ताहिकाने तो फोटोसह छापला. फोटो माझा. लेख गाजला. एका मास्तरांनी तो वर्गात वाचून दाखवला. मुकेश नावाच्या वाचकाने फोन करून विचारलं, "सर, सापगावला प्लॉटवर बांधतोय, तर कॉटेज म्हणू की व्हिला? तुमचा अभ्यास आहे म्हणून विचारतो." मी त्याला अर्धा तास समजावलं. फार बरं वाटलं.

श्रावणात मावशीची दुसरी बाजूही बसली, असं कानावर आलं. त्या आठवड्यात माझा शहापूरला सत्कार होता.

तुम्हालाही आता कॉटेजचं मूळ कळलं. चारचौघांत सांगालच, सांगण्यासारखं आहे. इतके फोन आले, पण म्हातारी सध्या निजते कुठे, हे एकाही वाचकाने विचारलं नाही. तेवढं बरं झालं. विचारलं असतं, तर मला कुठे ठाऊक आहे?