सरकता धुरा, ना-हरकत दाखल्यासह

गावाची सर्वांगीण प्रगती व्हावयाची तर गावाला रस्ता, विहीर, शाळा आणि एक लेखक असावा लागतो. पंचायत राज्य आले त्या साली आमच्या अंदाजपत्रकात रस्ता होता, विहीर होती, शाळेची दुसरी खोलीही होती. ही कामे अद्याप व्हायची आहेत. लेखक मात्र कोणतीही तरतूद नसताना झाला.

शालिग्राम हा अमडापूरच्या बाजारात मापारी. दिवसभर लोकांची ज्वारी मोजायची आणि घरी येऊन कथा लिहायच्या, असा त्याचा क्रम. अकरा वर्षांत त्याने संपादकांना छत्तीस कथा धाडल्या. पैकी सदतीस परत आल्या. (एक दुसऱ्या कोणाची होती. तीही बरी होती.)

मग त्याने 'सरकता धुरा' ही कादंबरी लिहिली. धुरा म्हणजे दोन वावरांमधली हद्द. कादंबरीतला गुणवंतराव दर साली वखरणीच्या वेळी शेजाऱ्याच्या धुऱ्याचे एक तास, म्हणजे एका सरीइतकी पट्टी, कोरून आपल्याकडे घेतो आणि संध्याकाळी हरिपाठाला पहिल्या रांगेत बसतो. नागपूरच्या एका प्रकाशकाने ही कादंबरी चक्क पसंत केली. अट एकच: गुणवंतराव हा कोणी हयात इसम नाही, अथवा असल्यास त्याची हरकत नाही, असा सरपंचांच्या शिक्क्याचा दाखला महिन्याच्या आत पाठवावा. (त्यांच्या मागच्या कादंबरीतले एक पात्र दुकानात येऊन आठ दिवस राहिले होते, दोन वेळच्या जेवणासह.) दाखला न आल्यास बाड परत.

शालिग्रामची बायको पुष्पाबाई म्हणाली, "अकरा सालात पह्यल्यांदा टपालवाला आपल्या दारी परतीच्या बाडाबिगर आला. आता दाखला आणल्याबिगर घरात येऊ नका."

सरपंच हिंमतराव नियमाने चालणारे. न वाचलेल्या कागदावर ते रोज शिक्का मारत. पण हा कागद कोणीतरी वाचणार होता. म्हणून त्यांनी सभा बोलावली आणि शाळेच्या उभ्या असलेल्या खोलीत कादंबरीचे जाहीर वाचन ठेवले. पहिल्या दिवशी एकोणीस खातेदार आले, दुसऱ्या दिवशी सर्व एकेचाळीस, तिसऱ्या दिवशी घरच्या मंडळींसह. (रासायनिक खतांवरील व्याख्यानाला चौघे होते, व्याख्याते धरून.)

"हा तं हुबेहूब आपला महादेवराव व्हय!" वामनराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "हरिपाठाले बसते तेबी लिहिलं बे यानं!"

"मी काऊन?" महादेवराव म्हणाले. "मी तं सारा वखत या निवृत्तीकडं पाहून हासून राह्यलो होतो."

प्रकरण हातघाईवर येण्याआधी सरपंचांनी प्रत्येकाकडून छापील नमुना भरून घेतला. प्रश्न दोन. (अ) गुणवंतराव म्हणजे आपण काय? (ब) नसल्यास कोण? फलित पुढीलप्रमाणे. (अ) 'नाही': एकेचाळीस. (ब) 'उजव्या हाताचा शेजारी': एकेचाळीस. आमची वावरे गावाभोवती गोल असल्यामुळे कोणावरही अन्याय झाला नाही. प्रत्येकाचे नाव बरोबर एकदा आले. (सभेचा लेखनिक या नात्याने मीही नमुना भरला. मी शेषरावांचे नाव दिले. पण शेषराव खरोखरच तसे आहेत.)

आता पेच पडला. (अ) प्रमाणे गुणवंतराव गावात नाही, सबब दाखला द्यावा. (ब) प्रमाणे गुणवंतराव एकेचाळीस असून सर्व हयात आहेत, सबब देऊ नये. हिंमतरावांनी तालुक्याला मार्गदर्शन मागितले. उत्तर तत्परतेने आले. ते विहिरीबाबत होते.

महिना भरायला दोन दिवस उरले तेव्हा शालिग्राम सभेत उभा राहिला.

"सरपंच, गुणवंतराव म्हंजे मीच. म्या सोताचंच लिहिलं. अन् माही काई हरकत नाही."

पुष्पाबाई मागून म्हणाली, "मले तं पह्यल्याच पानाले समजलं होतं." मग टाळ्यांचा कडकडाट झाला. चाळीस माणसे एकाच वेळी निर्दोष सुटण्याचा योग जिल्ह्यात क्वचितच येतो. शालिग्रामच्या नमुन्यात (अ) पुढे 'नाही' आणि (ब) पुढे वामनराव होते, ते दोन्ही खोडून त्या दुरुस्तीवर त्याची सही घेतली आणि शिक्का पडला.

दिवाळीला पुस्तक आले. दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव दोरी आणि दाखल्याची नक्कल घेऊन शालिग्रामच्या वावरात हजर झाले.

"लिहून देल्लं ना भाऊ? अन् शिक्काबी हाय."

सातव्या प्रकरणात नऊ साली नऊ तासे कोरल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. वामनरावांनी नऊ मोजून घेतली. कोणत्या बाजूची हे लेखकाने नमूद केलेले नसल्यामुळे दुसऱ्या बाजूने शेषरावांनीही नऊ घेतली. मराठी कादंबरीचे इतके बारकाईने वाचन याआधी झाल्याचे ऐकिवात नाही. शालिग्राम धुऱ्यावर पुस्तक छातीशी धरून उभा होता. कोणत्या धुऱ्यावर, हे त्यालाही आता नीट सांगता येत नव्हते.

एकट्या आमच्या गावात चाळीस प्रती खपल्या. बाकीच्या प्रत्येक खातेदाराने एक घेतली आणि लगोलग उजव्या हाताच्या शेजाऱ्याला भेट दिली, "जरूर वाच" असे लिहून. त्यामुळे आज घरोघरी कादंबरी आहे आणि एकीचीही जोडलेली पाने वाचायला म्हणून कोणी कापलेली नाहीत. शालिग्रामकडे तर लेखकाच्या प्रती असूनही शेषरावांनी भेट दिलेली आणखी एक आहे.

हे वाचता वाचता आपल्याही मनात एक नाव आलेच असेल. त्या गृहस्थांना हे जरूर नेऊन द्यावे. मात्र ते घरी भेटतीलच असे नाही. याची एक प्रत घेऊन ते आपल्याकडेच निघालेले आहेत.